शेवटचं कार्ड

जगातली कुठलीही गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची असेल, तर ती माझ्या ताईच्या दिरांच्या हाती द्यावी आणि मग देवाचं नाव घ्यावं. गोष्ट पोचायची, त्यात शंका नाही. पण तिच्याबरोबर तिच्यावरची धूळ, तिच्याखालची फळी आणि जमलं तर तिच्यावर बसलेली माशीसुद्धा पोचायची. कारखान्यानं आम्हाला जुन्या चाळीतून नवीन क्वार्टर दिलं तेव्हाची गोष्ट. जुन्या खोलीची फरशी एका बाजूला उतरती होती, म्हणून आबांच्या खाटेच्या दोन पायांखाली विटांचे तुकडे असत. नव्या क्वार्टरची फरशी अगदी सरळ. तरी ताईच्या ह्या दिरांनी ते तुकडे पिशवीत घालून आणले आणि त्याच दोन पायांखाली लावले. आबा म्हणजे त्यांचे वडील. दुपारी ते आडवे झाले की घरंगळत भिंतीला जाऊन टेकत. ताई बोलून बोलून दमली, पण दिरांचं एकच, "जुन्या खोलीत झोप लागत हुती ना? मंग जसंच्या तसं पायजे." शेवटी एक दिवस आबांनी स्वतःच ते तुकडे काढून अंगणात फेकले आणि दोन दिवस मुलाशी बोलले नाहीत.

ताई त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले, आणि माझं ऐकून आमचं सगळं खातं. मी मॅट्रिक होऊन जामखेडहून ताईकडे राहायला आले होते आणि साखर कारखान्यात कार्डं पंच करायच्या कामाला लागले होते. काम सोपं होतं. प्रत्येक ऊसवाल्या शेतकऱ्याचं एक जाड कागदाचं कार्ड. त्यावर नाव, गाव, उसाचं क्षेत्र आणि लागणीची तारीख भोकं पाडून नोंदवायची. ती कार्डं भाऊजी मशीनमध्ये घालायचे आणि मशीन सगळी इमारत हादरवत तोडणीची यादी छापायचं. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. त्या यादीकडे सगळा भाग डोळे लावून बसायचा, कारण ऊस एकदा तयार झाला की तो कुणासाठी थांबत नाही.

त्या मशीनला स्वतःची अक्कल नव्हती. भाऊजींनी ती बाहेरून दिली होती. एक लोखंडी पाटी, तिच्यावर शेकड्यांनी भोकं आणि भोकांत खुपसलेल्या तांबड्या, पिवळ्या, निळ्या वायरी. कुठली वायर कुठं खोचली म्हणजे कार्डावरचं गाव यादीच्या गावाच्याच रकान्यात पडेल, हे अख्ख्या नगर जिल्ह्यात एकट्या भाऊजींना ठाऊक होतं. कागदावर त्यांनी एक अक्षर लिहून ठेवलं नव्हतं. "कागुद हरवतो. मी हरवत न्हाई," असं म्हणायचे. सकाळी आले की आधी मशीनला हात लावून बघायचे, ताप आलेल्या माणसाला बघतात तसं. थंडीत त्यावर आबांची जुनी गोधडी. पावसाळ्यात कार्डं ओल धरून फुगायची, तेव्हा ती घरी आणून ताईच्या शेगडीभोवती मांडायचे. एकदा सोनईच्या एका बड्या बागायतदाराचं कार्ड कडेला करपलं. मी घाबरले, पण भाऊजींनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "जरा भाजलाय. पन छापून यील." आणि आला की! लग्न त्यांनी केलं नव्हतं. ताईनं फारच लावून धरलं तर म्हणत, "आता नवीन वायरिंग कोन करील, वैनी?"

मशीनला एक वाईट खोड होती. ते शेवटचं कार्ड खायचं. गठ्ठ्यातली सगळी कार्डं छापून झाली की शेवटचं एक पोटातच ठेवून गप्प बसायचं. पहिल्या वर्षी ह्या खोडीपायी राजूरच्या वाटेवरचा एक बिचारा शेतकरी यादीतून गळला होता आणि पोटतिडकीनं भांडायला आला होता. तेव्हापासून भाऊजी दर हंगामाला गठ्ठ्याच्या तळाशी एक जादा कार्ड घालायचे. ते स्वतः पंच करायचे, तेही मला खोलीबाहेर घालवून. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, खाऊनच टाकणार आहे तर कोरं घाला ना!" तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही अभद्रच बोलले. "घास द्यायचा आन् रिकामा द्यायचा व्हय गं पोरी?"

दुष्काळाच्या आदल्या वर्षी कारखान्यानं नवं मशीन आणलं. ह्याला कॉम्प्युटर म्हणायचं, असं आम्हाला बजावून सांगण्यात आलं. दोन ट्रक भरून ते आलं, बरोबर खोली गार करायचं यंत्र आलं आणि मुंबईहून कडक इस्त्रीच्या पँटमधले एक साहेब आले. त्या गार खोलीत भाऊजी भर ऑक्टोबरात कानाला मफलर गुंडाळून बसायचे. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हंगामाची पहिली यादी ह्या मशीनवर बिनचूक आली, तर तुम्ही इथंच राहाल. चुकली, तर तुम्ही काट्यावर गाड्यांची वजनं करा. मी मुंबईहून माणूस मागवीन." झालं! भाऊजींचं जेवण तुटलं. ताईनं वांग्याचं भरीत केलं तरी अर्धी भाकरी ताटात. काट्यावरचं काम हलकं नव्हतं, पण भाऊजींना मशीनपासून तोडणं म्हणजे काय, ते आम्हालाच कळत होतं.

मग जुन्या मशीनची अक्कल नव्यात भरायचं काम सुरू झालं. भाऊजी पाटी मांडीवर घेऊन एकेक वायर सांगायचे, साहेब ते आपल्या भाषेत लिहायचे आणि मी त्याची कार्डं पाडायची. तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी साहेबांनी एक पिवळी वायर धरली.

"ही कशासाठी? ही तर कुठंच जात नाही."

"ती ऱ्हाऊ द्या, साहेब."

"अहो, पण करते काय ती?"

"काय करत न्हाई. पन काढली का मशीन बंद पडतं."

"नव्या मशीनला वायरीच नाहीत, भाऊजी!" साहेबही एव्हाना भाऊजी म्हणायला लागले होते.

"मंग तिच्या जागी काई तरी लिवा."

दीड दिवस हा वाद चालला. कॉलेजात शिकलेले, विलायतेची पुस्तकं वाचलेले साहेब, शेवटी त्यांनी हात टेकले आणि काहीही न करणारी एक ओळ लिहून दिली. मी तिचं कार्ड पाडलं. ते जागेवर बसलेलं डोळ्यांनी बघितल्यावरच भाऊजी चहा प्यायले. "आणि हो," साहेब वैतागून म्हणाले, "शेतकऱ्यांची कार्डं मात्र जशीच्या तशी आणा. एकही इकडचं तिकडं नको." हे कुणाला सांगावं? भाऊजींना! मी मान खाली घालून हसू दाबलं.

यादी छापायच्या दिवशी नारळ फोडला. नवं मशीन कार्डं भराभर आत घ्यायचं आणि त्यांचा क्रम स्वतःच लावायचं. आम्हाला आधी हातानं लावून द्यावा लागायचा नाही. बघता बघता कागदाचा ढीग पडला. साहेबांनी आणि मी यादी मधूनमधून दहा ठिकाणी उघडून तपासली, कुठं चूक नाही. साहेबांनी भाऊजींचा हात हातात घेऊन हलवला. यादी शेतकी खात्यात गेली, तिथून तोडीच्या चिठ्ठ्या टोळ्यांना गेल्या, आणि त्या दिवशी भाऊजी दोन भाकरी जेवले.

कारखाना सुरू झाला त्याच दिवशी दुपारी आमच्या गार खोलीचं दार धाडकन उघडलं. दारात एका ऊसतोड टोळीचा मुकादम उभा. अंगभर धूळ, हातात चिठ्ठी. आमच्या जामखेडकडचाच, हे बोलण्यावरून मला लगेच कळलं. ह्या भागात पहिल्यांदाच आलेला.

"कोन हाय हितं साहेब? आमास्नी येडं समजता व्हय? आठ गाड्या घिऊन तीन कोस गेल्तो. चिठ्ठीत गाव हाय, शेत हाय. तिथं ऊस न्हाई न् काय न्हाई! निस्तं पानी. नजर पोचत न्हाई तिथवर पानी. बैलांनी पानी पिलं आन् आमी माघारी आलो!"

साहेबांनी चिठ्ठी घेतली, यादी ओढली. पहिल्याच पानावर पहिलीच ओळ. गाव धरणात गेलेलं. पण गावांच्या तक्त्यातून त्याचं नाव कुणी काढलेलंच नव्हतं. क्षेत्र दोन एकर वीस गुंठे, लागण आडसाली, म्हणजे पावसाळ्यातली, आणि तारीख गाव बुडायच्या आधीची, म्हणून सगळ्या भागात सगळ्यात जुनी. साहेबांनी नाव मोठ्यानं वाचलं. आमच्या आबांचं नाव! भाऊजींचं ते तळाचं जादा कार्ड. जुनं मशीन ते मुकाट गिळायचं. नव्याला ती खोड नव्हती. त्यानं ते इमानदारीनं वाचलं, तारीख बघितली आणि नेऊन सगळ्यांच्या वर बसवलं.

"कोण आहेत हे?" साहेबांनी विचारलं.

भाऊजी उठून उभे राहिले. मफलर हातात घेतला. "माझे वडील, साहेब. गाव धरनात गेलं, तवा ऊस उभा हुता. तोड मिळालीच न्हाई. जुनं मशीन शेवटचं कार्ड खायाचं. म्हनलं, खायाचंच हाय तर आबांचं खाऊ दे." मग म्हणाले, "तुमी म्हनला जसंच्या तसं, म्हनून... माझी चूक हाय. उद्यापासून काट्यावर जातो."

मुकादम मघाचा तावातावानं बोलणारा, पण त्याचा आवाज एकदम उतरला. "ऱ्हाऊ द्या की, साहेब," तो म्हणाला. "एका खेपेचं काय एवढं."

साहेब बराच वेळ यादी उलटत राहिले. मला विचारलं, "बाकी यादीत कुणी गळलंय? कुणाची तारीख पुढं-मागं?" मी म्हटलं, "एकही नाही, साहेब." मनात सगळ्या देवांना हात जोडून म्हटलं. साहेब खुर्चीवरून उठले, मुकादमाला दुसरी चिठ्ठी लिहून दिली आणि भाऊजींकडे न बघता म्हणाले, "मग यादी चुकली म्हणता येणार नाही. एक माणूस जास्त आला, इतकंच. ते कार्ड काढून टाका. आणि तुमच्या डोक्यात आणखी काय काय आहे ते ह्या बाईंकडून सगळं लिहवून घ्या. सगळं. उद्यापासून." त्या लिहिण्यात पुढं माझ्या दोन वह्या भरल्या, ती गोष्ट निराळी.

भाऊजींनी गठ्ठ्यातून कार्ड काढलं, फाडलं नाही, साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मग लहान पोरासारखे अवघडून म्हणाले, "साहेब, यादी आता दुसरी छापनार. तर ही वरची येवढी वळ मी घरी न्हेऊ का? सा वर्षं घालतोय नाव. छापून आज पैल्यांदा आलं."

साहेबांनी पट्टी लावून ती ओळ स्वतः कापून दिली.

संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो तेव्हा आबा नेहमीसारखे ओसरीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या उसाच्या गाड्या बघत होते. भाऊजी त्यांच्यापाशी उकिडवे बसले आणि त्या बोटभर कागदावरचं वाचून दाखवलं. नाव, गाव, दोन एकर वीस गुंठे, आडसाली. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "तोड कवा म्हनली?"

मी भाऊजींकडे पाहिलं. वाटलं, आता हा माणूस रडणार. पण त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. "आजच, आबा. पैला नंबर आपला."

आबांनी समाधानानं मान हलवली. समोरून एक गाडी चालली होती, ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "चार मोळ्या बेन्याला ठिवा म्हनावं, फुडच्या लागनीला. सगळाच न्हेऊ नका."

"सांगतो," भाऊजी म्हणाले.