चुलीतून आलेला घोडा

तमिळ मुलखातल्या वेंबनगुडीच्या अडैक्कलम वेळारांनी आयुष्यात तीनशेच्या वर घोडे घडवले आणि एकावरही बसले नाहीत. बसायचे घोडे नव्हतेच ते. मातीचे, पोकळ, पुरुषभर उंचीचे घोडे गावाबाहेर अय्यनार या राखणदेवाच्या राईत ओळीने उभे राहतात आणि त्यांच्यावर बसून अय्यनार शिवेभोवती गस्त घालतो. हे खरं की खोटं, असले प्रश्न वेंबनगुडीत कोणी विचारत नाही. तीन वर्षं पाऊस नव्हता, उत्सव नव्हता, नवे घोडे नव्हते, आणि त्याच तीन वर्षांत गावातल्या अकरा शेळ्या चोरीला गेल्या. गावाला एवढा पुरावा पुरला.

वेळार म्हणजे तिकडचे कुंभार, आणि अय्यनारचे पुजारीही तेच. अडैक्कलमचे वडील तो नऊ वर्षांचा असताना गेले. हात धरून शिकवलं ते आईच्या वडिलांनी, आणि तेही असं की दोन वर्षं फक्त पायच करायला दिले. पोराने तोंड करू द्या म्हणून हट्ट धरला की म्हातारा म्हणायचा, घोडा पायांवर उभा राहतो, तोंडावर नाही. विसाव्या वर्षी अडैक्कलम कोइमतूरच्या एका गिरणीत कामाला गेला आणि चार महिन्यांत परत आला. का आलास, तर म्हणे तिथे केलेल्या कामाकडे दोन पावलं मागे जाऊन बघता येत नाही. लोक हसले. मीनाळशी लग्न झालं, मडकी ती करायची, बाजारात ती न्यायची, घर तिच्या मडक्यांवर चालायचं आणि नाव घोड्यांचं व्हायचं. हे तिने त्यांना कधी विसरू दिलं नाही.

त्यांच्या घोड्यांची खूण अशी की प्रत्येकाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असायचं. स्वतः अडैक्कलम वर्षातून दोनदा हसले तरी पुष्कळ. मीनाळ म्हणायची, यांच्या वाटणीचं सगळं घोड्यांना जातं.

गावाच्या पश्चिमेला माळ आहे. तिथे जुन्या लोकांनी आपली मेलेली माणसं कमरेएवढ्या रांजणांत घालून पुरलेली आहेत. विहीर खणायला जावं तर रांजण लागतो. एकदा मद्रासहून पुरातत्त्व खात्याची माणसं ब्रश आणि फूटपट्ट्या घेऊन आली, तेव्हा रांजणाला हात लावायला गावात कोणी तयार होईना. अडैक्कलम गेले. काठाच्या आतून बोट फिरवून म्हणाले, "हा घडवणारा घाईत होता." खात्यातली मुलगी हसली आणि तिने एक खापर भिंगाखाली धरून दाखवलं. काळ्या मातीत लाल कण होते. त्यांनी लगेच सांगितलं, ही भाजलेल्या खापराची भुकटी. आम्हीही घालतो, म्हणजे मोठं भांडं भट्टीत तडकत नाही. मुलीने लिहून घेतलं. घरी येऊन त्यांनी मीनाळला सांगितलं की दोन हजार वर्षांपूर्वीचा वेळार आपल्यासारखंच काम करत होता. ती म्हणाली, "म्हणजे एवढ्या वर्षांत तुम्ही लोक नवं काहीच शिकला नाहीत."

असो. तीन कोरड्या वर्षांनंतर चौथ्या वर्षी तळं भरलं आणि उत्सव ठरला. पण सिंगापूरला कामं करून आलेल्या चार तरुणांनी काढलं की दर वेळी मातीचे घोडे कशाला, एकदाच सिमेंटचे करू, पिढ्यान्‌पिढ्या टिकतील. गावचे अंबलम म्हणजे पाटील, सोलैयप्पन. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला: या वेळी मातीचेच. भट्टीतून धड निघाले तर पुढेही मातीचेच, आणि एकाच्याही अंगाला तडा गेला तर पुढच्या साली सिमेंट. अडैक्कलम बहात्तर वर्षांचे होते. त्यांनी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

मग रिवाजाप्रमाणे अंबलमनी तळ्यातली मूठभर माती उचलून सगळ्या गावासमोर अडैक्कलमच्या ओंजळीत घातली. तिकडे तिला पिडिमण म्हणतात. ही मूठ म्हणजे घोडे करा असं गावाचं सांगणं. ती मोठ्या घोड्याच्या छातीत घालायची. उत्सवाच्या दिवशी घोडे उचलण्याआधी अंबलम विचारतात, दिलेली माती कुठे आहे? वेळारांनी उत्तर द्यायचं, घोड्यात आहे. त्यानंतरच खांदे लागतात. मूठ नसलेला घोडा म्हणजे जत्रेतलं खेळणं.

मूठ करवंटीत घालून, केळीचं पान बांधून फळीवर ठेवली होती. अडैक्कलम व्रत म्हणून दिवसातून एकच वेळ जेवून कामाला लागले. आधी पाय, मग पोट. आठव्या दिवशी छातीशी आले आणि मूठ आणायला घरात गेले, तर करवंटी रिकामी, धुऊन पालथी घातलेली.

घरात नवी सून होती, पूंगोदै. तीही वेळारांचीच, पण तिरुपूरची. तिच्या बापाचं फरशांचं दुकान, मातीशी संबंध कुंडीपुरता. नवरा कामावर तिरुपूरलाच, आणि ही उत्सवासाठी सासरी आलेली. तिने सरळ सांगितलं, "मामा, चुलीला भेग पडली होती, धूर डोळ्यांत जायचा. फळीवर थोडी चांगली माती होती, तिने लिंपली." आणि कौतुकाची वाट पाहत उभी राहिली.

मीनाळने कपाळावर हात मारला. "आठ दिवस देवाच्या मातीवर भात शिजवतोय आपण. तुझ्या बापाने फरशा विकल्या, अक्कलही विकली वाटतं."

पूंगोदैला काय झालं ते उमगलं आणि ती रडायला लागली. अडैक्कलम चुलीसमोर उकिडवे बसून त्या लिंपणाकडे बघत राहिले. मीनाळने आवाज खाली आणून व्यवहाराची गोष्ट सांगितली. तळं कुठे पळून गेलं नाही. दुसरी मूठ आणा. मातीसारखी माती, कोणाला कळणार आहे?

"अंबलम विचारतील तेव्हा काय सांगू?"

"जे दर वर्षी सांगता ते. घोड्यात आहे म्हणायचं."

"पण ती चुलीत आहे," अडैक्कलम म्हणाले.

चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात या माणसाला खोटं बोलायला शिकवणं मीनाळला जमलं नव्हतं, आता काय जमणार?

अडैक्कलमनी नखाने लिंपण टोकरून पाहिलं. आठ दिवस जाळ लागून ते लालसर, खणखणीत झालं होतं. भिजवून त्याची पुन्हा माती होणार नव्हती. पण भुकटी होणार होती. अडैक्कलम ते बोटांत चोळत म्हणाले, "सूनबाई, रडणं झालं असेल तर वरवंटा आण."

तिने ते सगळं लिंपण खरवडून काढलं, वाटलं, फडक्यातून चाळलं. चिमूटभरही इकडे तिकडे सांडू दिलं नाही. पाट्याला चिकटलेलंसुद्धा पाण्याने पुसून घेतलं. अडैक्कलमनी ते छातीच्या मातीत मळलं आणि मळणं तिच्याच हातून पुरं करून घेतलं. संध्याकाळी ते अंबलमकडे गेले आणि झालेलं सगळं सांगून आले. सोलैयप्पन आधी हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, मी माझा प्रश्न विचारीन, रिवाज आहे. उत्तर तुमचं, आणि ते पुरतं की नाही ते गाव ठरवील.

भट्टी लावली. गवऱ्या, पेंढा, वरून चिखलाचा थर. थंड झाल्यावर राख बाजूला केली तेव्हा सिंगापूरवाले चौघंही येऊन उभे होते. मोठ्या घोड्याचा एक कान उडाला होता. अंगावर एवढीशीही चीर नव्हती. अडैक्कलमनी छातीवर बोटांनी टिचकी मारली. घंटेसारखा आवाज आला. चौघांतल्या एकाने कानाकडे बोट दाखवलं, तशी मीनाळ म्हणाली, "ठरलं होतं अंगाचं. कान तर तुझेही कुठे धड आहेत, आई हाका मारते तर ऐकू येत नाही."

उत्सवाच्या दिवशी घोडे रंगवलेले, डोळ्यांवर फडकं बांधलेले, बांबूंवर चढवून तयार. ढोल थांबले. अंबलमनी विचारलं, "वेळार, गावाने दिलेली माती कुठे आहे?"

पूंगोदै सासूच्या मागे दडली.

"घोड्यात आहे," अडैक्कलम म्हणाले, आणि तिथे थांबले असते तरी चाललं असतं. "पण आधी आठ दिवस माझ्या घरच्या चुलीत होती. चूक घरची आहे. चुलीतून काढली, दळली आणि छातीत घातली. सगळी."

मग पुढच्या रांगेतली पेचियायी, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, बिनदातांच्या तोंडाने म्हणाली, "मग बरं झालं की. इतके दिवस उपाशी घोडे पाठवत होतो. हा जेवून निघालाय."

आधी बायका हसल्या, मग सगळं गाव. अंबलमनी हात वर केला, ढोल सुरू झाले आणि सोळा खांदे बांबूखाली गेले. पुढच्या डाव्या बांबूला सिंगापूरवाल्यांतला एक होता. राईत पोचल्यावर डोळ्यांवरचं फडकं सोडलं. एक कान उडालेला तो घोडा इतर तीनशेंसारखाच ओठांच्या कोपऱ्यात हसत होता. अडैक्कलमही हसले. त्या वर्षातलं ते पहिलं.

सिमेंटचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या साली अंबलमनी मूठ दिली तेव्हा अडैक्कलमनी ती पूंगोदैच्या ओंजळीत ठेवली, आणि तिने करवंटी आढ्याला टांगली, स्वतःचाही हात पोचणार नाही इतकी उंच. चुलीची भेग मात्र तशीच आहे. लिंपायला कोणी धजत नाही. पूंगोदै आली की भात शिजेपर्यंत तिघंही डोळे पुसत बसतात, आणि मीनाळ दर वेळी सुनेच्या बापाच्या फरशांचा उद्धार करते.