आम्ही तिघी, घरोघरच्या सिस्टर

आमचे किस्से साचतात, कारण पेशंटच्या घरात मोठ्यानं हसायची सोय नसते. लातुरात घरी जाऊन आजारी माणसांना सांभाळणाऱ्या आम्ही तिघी: मी, अहमदपूरच्या शोभाताई आणि भोकरची मंगल. एकाच खोलीत राहतो. बारा-बारा तासांची ड्यूटी. रविवारी संध्याकाळी चहा टाकला की आठवड्याचं हसू एकदम बाहेर पडतं.

मंगल वर्षभर पेशंट आज्यांना भरवतेय. परवा भावाच्या लग्नात नवरीच्या मामांना आग्रहाची जिलेबी भरवताना म्हणाली, "आं करा. शाब्बास! सकाळी पोट साफ झालं होतं का?"

मामा सरळ माणूस. घास गिळून म्हणाले, "न्हाई बाई, चार दिस झाले." मंगलनं पर्समधून चूर्णाची पुडी काढून दिली. नवरीकडचे तिला तेव्हापासून डॉक्टरीणबाई म्हणतात.

आमच्या एजन्सीनं एकदा ताणतणावावर शिबिर ठेवलं. मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा, लांब श्वास घ्या. त्यापुढचं शिबिर आम्हाला कुणालाच आठवत नाही. उठवलं तेव्हा सतरंज्या गोळा करत होते.

फक्त शोभाताईंनी एक वाक्य ऐकलं होतं, रोज दहा मिनिटं स्वतःला द्या. पेशंटच्या घरात एकटं बसायची जागा एकच, बाथरूम! रोज दुपारी कडी लावून त्या पालथ्या बादलीवर नुसत्या बसायच्या. घरच्या सूनबाईंना वाटलं, यांना जुलाब झालेत. चौथ्या दिवशी त्या दहीभात आणि मीठ-साखरेचं पाणी घेऊन दारात उभ्या. शोभाताईंनी खरं काय ते सांगून टाकलं.

सूनबाईंनी दहीभात खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, चार ते सव्वाचार तेवढं सोडा. ती माझी वेळ हाय."

त्याच घरातल्या आजी या शोभाताईंच्या पेशंट. पाच महिन्यांनी शोभाताईंना दोन दिवसांची सुट्टी मिळाली, तर निघताना आजी पिशवी भरून, चपला घालून तयार! म्हणाल्या, "मलाबी कट्टाळा आलाय या पेशंटचा." कुठल्या पेशंटचा, असं विचारल्यावर स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. शेवटी दोघी अहमदपूरला जाऊन आल्या. आजींची सुट्टी झकास झाली.

माझं मात्र यंदा उन्हाळ्यात खरंच बिनसलं. बदली बाई मिळेना, सात आठवडे एकही रजा नाही. कुकरची शिट्टी झाली तरी रडू यायचं. काम सोडते म्हणून सांगायचं मनाशी ठरवलं होतं.

माझे पेशंट म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर आजोबा. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून चालायचे. एका दुपारी त्यांचा बीपी बघताना माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. आजोबांनी दंडाचा पट्टा काढला, वॉकर धरून उठले आणि मला पलंगावर बसायला सांगितलं. मी बसले, ती आडवी कधी झाले, कळलंच नाही.

मुलगा पुण्याला. त्यानं खोलीत कॅमेरा लावलेला, त्यातून बोलताही यायचं. त्याच्या आवाजानंच मला जाग आली. त्याला मोबाईलवर काय दिसत असेल? सिस्टर पलंगावर, आणि बाबा खुर्चीत बसून तिला पुठ्ठ्यानं वारा घालताहेत. किलकिले केलेले डोळे मी लाजेनं परत मिटून घेतले.

"बाबा, हे काय चाललंय?"

वारा थांबला नाही.

"हळू बोल," आजोबा म्हणाले. "आत्ता कुठं पोरीचा डोळा लागलाय. सहापर्यंत माझी ड्यूटी हाय."