उपासाच्या दिवसाची गोळी

हे मले आत्ताच सांगा लागते, नाहीतर पोटात राहूनच जाईन. नांदुऱ्याच्या टायपिंग क्लासात मशीन मोकळी सापडली, घाईत चुका होतीन, होऊ द्या.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यापासून माह्या दादाले कोणी नसताना आवाज आयकू येतात. दोनदा ठेसनावर गाडीपुढं रुळावर उतरला. तवापासून कापसाच्या खोलीत ठेवतो, बाहेरून कडी. औंदा मलकापूरच्या दवाखान्यात नवे डॉक्टरसाहेब आले. घरीच ठेवून रोज नवी गोळी देली तर असा माणूस सुधरते का, हे ते तपासून राह्यले. अशा घरोघरी एकेक वही देली. गोळी देली का? झोपला का? बोलला का? आमची वही लिवाचं काम माह्याकडं.

आता आयका. माय दादासाठी सोमवार धरते, शनिवार धरते, चतुर्थी धरते, अन् दादालेबी धरायले लावते. उपासाले गोळी चालत नाही म्हणते.

"माय, गोळी का अन्न हाय?"

"लय शिकली बाई! उपास मोडला तर तू निस्तरशीन का?"

मंग मी वहीत 'देली' लिवत गेली. मायले कोणी बोलू नाही म्हणून.

काल मी अन् माय दादाले घेऊन दवाखान्यात गेलो, तिथं डॉक्टरसाहेबांनी वही चाळली. "रोज गोळी देऊनही फरक नाही. ही गोळी याला लागू पडत नाही. आता नागपूरलाच ठेवावं लागेल, वेड्यांच्या दवाखान्यात."

दादानं माही बाही घट्ट धरली. इकडून मायनं गप राहासाठी चिमटा काढला. तरी मी बोलून गेली, "साहेब, उपासाच्या दिवशी गोळी देलीच नाही. मी खोटं लिवलं."

ते खुर्चीवरून उठलेच. "अगं पोरी, या वह्यांवरून मी दुसऱ्यांच्या पोरांचंही औषध ठरवतो!" मंग पाणी पेले अन् म्हणाले, "एक महिना देतो. एकही दिवस चुकायचा नाही."

आज शनिवार. मायनं गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीत बांधली, माह्यासंग बोलत नाही. दादा सकाळपासून आतून दार वाजवून राह्यला. 'देली' लिवलं तर पुन्हा खोटं, 'नाही' लिवलं तर दादा नागपूरले. पदराले हात लावाची माही हिंमत होत नाही.

हे वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात झालं का हो असं कधी? मायच्या गाठीतून गोळी कशी सोडवली तुम्ही? सांगा न मले.