कच्च्या टाक्यांचा कोट

काल सकाळी मी थोरल्या मास्तरांना चालताना पाहिलं. ते जाऊन दोन वर्षं होत आली.

ते कोण होतं हे मला पुढच्याच क्षणी कळलं. तरी पाय जागचे हलले नाहीत. अजूनही नीट हललेत असं वाटत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकामाचं दुकान आहे. दोन भाऊ ते चालवत. गिऱ्हाइकं त्यांना थोरले मास्तर आणि धाकटे मास्तर म्हणत. दोघेही अंगाने भरलेले. दोघांची मान खांद्यांत बुडालेली. दोघांचं पोट कापायच्या टेबलाला टेकलेलं. पाठमोरे उभे असले की धाकट्यांची बायको, म्हणजे वहिनी, तीसुद्धा फसायची.

"एकाच थानातून बेतलेत," वहिनी म्हणायची. "कापड मात्र देवाने जरा सढळ हाताने वापरलं."

मी मुलाखतीची पँट आखूड करायला गेलो आणि तिथेच रमलो. साहित्य शिकलेल्या, नोकरी नसलेल्या माणसाला दुपारी बसायला जागा लागते. तिथे स्टूल होतं. धाकट्या मास्तरांशी माझी मैत्री झाली. ते माझ्या दुप्पट वयाचे. मला 'साहित्यिक' म्हणत. बटण लावता न येणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार, असा त्यांचा सवाल होता.

त्या दुकानात एक रीत होती. शिवणाऱ्याने स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही.

"स्वतःच्या हातात टेप आला की माणूस पोट आत ओढतो," थोरले म्हणायचे. "टेप खोटं बोलत नाही. पोट बोलतं."

म्हणून भावाचं माप भाऊच घ्यायचा. एकाचा कपडा दुसऱ्याच्या अंगावर चढवून बघायचा. आरसा गिऱ्हाइकांसाठी होता. या दोघांना समोर भाऊ असायचा.

थोरले भर दुपारी गेले. त्यांना साखर होती, रक्तदाब होता, आणि 'उद्यापासून चालायला जाऊ' हे वाक्य होतं. त्या दिवशी ते स्वतःसाठी कोट करत होते. कच्चे टाके घालून झाले होते. डाव्या बाजूला खिशाची खूण करायला त्यांनी खडू घेतला. रेघ सरळ गेली. मग वाकली. मग कापडाच्या कडेवरून खाली उतरली.

धाकटे समोर काज करत बसले होते.

"दादा, रेघ गेली बघ तुझी," ते म्हणाले. मान वर न करता.

कोट दुकानात लटकत राहिला. ती रेघ कुणी झटकली नाही. बरेच दिवस धाकटे मास्तर त्याच्याकडे पाठ करून बसत. मग एकदा त्यांनी तो उतरवला आणि अंगात घातला. मी स्टुलावर होतो. खांदे बसले. बाह्या बसल्या. पोटावर कुठे ताण नाही, पाठीवर सुरकुती नाही. एवढा अचूक बसलेला कपडा मी त्या दुकानात पाहिला नव्हता.

मास्तर आरशात बघत राहिले. मग इतक्या घाईने कोट काढला की काखेतला टाका उसवला.

"साहित्यिक," ते म्हणाले, "पुढचा नंबर माझा."

दुसऱ्या दिवसापासून ते पळायला लागले. चालायला नाही. पळायला.

"अहो," वहिनी म्हणाली, "जिना चढताना कठडा न सोडणारा माणूस मैदानात पळायला निघाला. आधी जरा चाला तरी."

"चालायला म्हातारे जातात."

"मग तुम्ही कोण? वासरू?"

मास्तरांची समजूत साधी होती. जितका दम लागेल तितकी चरबी जळेल. ज्या सकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकले नाहीत, ती सकाळ वाया. रविवार नाही, सुट्टी नाही. जेवण अर्ध्यावर आणलं. झोपही नीट लागेना.

माप घ्यायला आता भाऊ नव्हता. टेप माझ्या हातात आला. कुठून कुठे धरायचा ते त्यांनी शिकवलं. कंबर उतरत होती. मी सांगायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. मग कोट चढवायचे. पोटावर ढिला पडलेला भाग मुठीत धरून मला दाखवायचे.

"बघ. एवढा दादा सुटला माझ्यातून."

मला आनंद व्हायचा. त्यांनाही व्हायचा.

पण त्याच काळात ते सारखे आजारी पडायला लागले. सर्दी गेली की खोकला. खोकला गेला की कणकण. तोंड आलं. बरगडीवर नागीण उठली. बोटाला सुई टोचली तर ते बोट कितीतरी दिवस चिघळलं. टेप यातलं काहीच सांगत नव्हता आणि आम्ही फक्त टेपकडे बघत होतो.

"कंबर बारीक करता करता माणूसच संपवताय," वहिनी म्हणाली. "मग कोट कुणाला घालू? खुंटीला?"

मास्तर हसले नाहीत. ती आत गेल्यावर मी विचारलं, "एवढं का पळता? थोडं कमी करा ना."

त्यांनी सुईत दोरा ओवला. गाठ मारली.

"मागे दादा असतो," ते म्हणाले.

मला थट्टा वाटली.

"त्याचा श्वास येतो. तोच, घरघर करणारा. मी जोरात पळालो की तोही जोरात येतो. हळू झालो तर गाठेल."

"मास्तर, तो तुमचाच श्वास आहे."

"मला काय कळत नाही?" ते म्हणाले. "पण आमचं माप एकच होतं रे."

मग एका सकाळी त्यांना ताप होता. वहिनीने बूट लपवले. ते चपला घालून गेले. तिने वरच्या मजल्यावर येऊन मला उठवलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "जा."

मैदानावर धावण्यासाठी चुन्याच्या पांढऱ्या रेघा आखलेल्या होत्या. मास्तर त्यातल्या एका रेघेवरून पळत होते. मी हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं आणि वेग वाढवला. ते सरळ गेले. मग वाकले. मग रेघेवरून खाली उतरले आणि गवतात आडवे झाले.

पळत पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे मैदान नव्हतं. कापड होतं.

ते वाचले. हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. तापाचा विषाणू तिथवर पोचला होता आणि वर पळण्याचा ताण. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई रागावल्या होत्या, पण खुर्ची ओढून बसल्या.

"वजन जास्त असलं की शरीर आतल्या आत धुमसत असतं," त्या म्हणाल्या. "साखरेला वाट मिळत नाही. रोगाशी लढणारी फौज उगीचच जागी राहते. व्यायामाने हे शांत होतं. पण तुम्ही रोज दम संपेपर्यंत पळालात. विश्रांती नाही, पोटभर जेवण नाही, झोप नाही. त्याच फौजेला उपाशीपोटी पहाऱ्यावर उभं केलंत. मग सर्दी काय, दार उघडंच."

"म्हणजे पळणं वाईट?"

"पळणं नाही. तुमचं पळणं. तापात तर जिवाशी खेळ. आता काही महिने पळायचं नावसुद्धा काढू नका. मी सांगेन तेव्हा चालायला लागा. आधी अगदी हळू. मग झपझप, पण इतकंच, की चालता चालता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग जास्त झाला असं समजा."

"बोलायचं कुणाशी?"

"ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

चालायची परवानगी मिळायला बराच काळ गेला. मग आम्ही दोघं निघायचो. सुरुवातीला मास्तर गप्प असत. सारखे मागे बघत. मी काहीतरी विचारायचो, म्हणजे त्यांना बोलावं लागेल. कॉलर कशी बेततात. अस्तर का आक्रसतं. ते उत्तर द्यायचे आणि अर्ध्यावर थांबून कान द्यायचे.

"जवळ आलाय," एकदा म्हणाले.

"मग?"

"मग काय. पळायची तर बंदी आहे."

वहिनीने ताट पुन्हा भरायला घेतलं. गोड काढलं, भाज्या वाढवल्या. मास्तर झोपायला लागले. त्या हिवाळ्यात त्यांना साधी शिंक आली नाही. रक्ताची तपासणी झाली. साखर उतरली होती. रक्तातली चरबी उतरली होती. आतल्या सुजेची खूणही कमी झाली होती. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या.

त्या दुपारी मास्तरांनी टेप माझ्या हातात दिला.

"घे."

मी कंबर मोजली. मग पुन्हा मोजली.

"खोटं सांगू नकोस. दुकानाची रीत आहे."

मी खरं सांगितलं. कंबर परत आली होती. पळण्याआधी होती, जवळजवळ तिथवर.

मास्तर खुंटीकडे वळले. त्यांनी कोट उतरवला. घातला. खांदे बसले. बाह्या बसल्या. ढिला भाग मुठीत धरायला त्यांनी हात नेला. तिथे काही नव्हतं.

"डॉक्टरीणबाई म्हणतात मी बरा आहे."

"आहात, मास्तर. आतून बरे आहात. टेपला ते दिसत नाही."

"आणि कोट म्हणतो मी दादा आहे."

वहिनी दारात उभी होती.

मला वाटलं ते उद्या पुन्हा पळतील. बूट कुठे आहेत ते मी नजरेने शोधलं. वहिनीनेही शोधलं. पण मास्तरांनी कोट काढला तो सावकाश, एक एक बाही. टेबलावर पसरला. खडूच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. जिथे ती वाकते तिथवर बोट नेलं आणि थांबले. तिथून पुढे त्यांनी नवी रेघ ओढली. सरळ.

"खिसा इथे येईल," ते म्हणाले. "अर्धवट काम ठेवू नये, साहित्यिक. गिऱ्हाईक चकरा मारत राहतं."

मशीन सुरू झालं.

काल थंडी होती. मला उठायला उशीर झाला. मी कोपऱ्यावर आलो तेव्हा तो कोट माझ्या पुढे चालला होता. तीच मान, तीच पाठ, बुडालेले खांदे. थोरले मास्तर झपझप चालत होते.

मग आवाज आला. आवाज धाकट्यांचा होता. ते बोलत होते. दुकानातलं काहीतरी. कुणाचीतरी बाही कशी चुकली, मग काय केलं. मध्येच थांबायचे, दुसरा बोलून संपेपर्यंत माणूस थांबतो तसे. एकदा हसले. मग पाय जरा आवरले.

"हळू घे, दादा. दम लागलाय तुला."

मी जवळ गेलो. त्यांनी मला पाहिलं. तोंडावर घाम होता, डोळे स्वच्छ होते.

"वेळ केलास," ते म्हणाले.

मी त्यांच्या उजव्या बाजूने चालायला लागलो.

"तिकडून नको. इकडून ये."

मी डावीकडे आलो. रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मास्तर एका लयीत चालत होते, एका लयीत बोलत होते. कुठे वाक्य तुटत नव्हतं. मी कान दिला. त्यांचा श्वास शांत होता. मी माझा धरून ठेवला.

तरी घरघर येत होती, त्यांच्या पलीकडून.