बाबलीच्या पिपाणीची वात

आरोंद्याच्या खाडीकाठी हौसाबाई आपल्या धाकट्या भावाबरोबर, बाबलीबरोबर, माहेरच्या घरात राहते. नवरा वारल्यावर ती सासरहून परत आली. बाबली जहाजाच्या इंजिनखोलीतली नोकरी संपवून परत आला. घरात तिसरे कोणी नाही. परड्यात देवकापसाचे झाड आहे. त्याची बोंडे काढून हौसाबाई दिव्याच्या वाती वळते आणि घरच्या देवाला पुरून उरतील त्या देवळात देते. हे काम ती लहानपणी आईजवळ बसून शिकली. आता बोटांची पेरे सुजतात, तरी तिने ते सोडलेले नाही.

बाबलीला बिडीचे व्यसन जुने. मागच्या पावसाळ्यात त्याला दम लागू लागला. विहिरीवरून एक कळशी आणली की तो खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, मटकन बसे आणि त्याच्या छातीतली घरघर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. हौसाबाई चुलीपुढे बसून ती घरघर ऐके आणि तिच्या मनात एकच विचार येई, की हा गेला तर या घरात मी कोणाशी बोलू? शेवटी बाबली सावंतवाडीला डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आला.

"बिडी बंद कर म्हणून सांगल्यानी," तो म्हणाला. "विजेची सिगारेट वढलेली चलता."

विजेच्या सिगारेटीत तंबाखू जळत नाही. लहानशा टाकीत गोडसर वासाचा रस असतो. त्यात कापसाची वात भिजत असते आणि वातीभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. बॅटरीवर तार तापली की रसाची वाफ होते, आणि माणूस ती वाफ ओढतो. आपल्या देशात ही वस्तू विकायला बंदी आहे. बाबलीला ती चंदनने, म्हणजे त्यांच्या चुलतभावाच्या मुलाने, बोटीवरून रजेवर येताना आणून दिली होती. सोबत रसाच्या बाटल्याही होत्या. हौसाबाईला ती वस्तू लग्नातल्या पिपाणीसारखी दिसली, म्हणून घरात तिचे नाव पिपाणी पडले.

थोड्याच दिवसांत पिपाणी करपट वास मारू लागली. आतली वात जळून काळी झाली होती. तशी वात इथल्या बाजारात मिळणे शक्य नव्हते.

"बाय, वात संपली," बाबली म्हणाला. "आता बिडीशिवाय गती नाय."

"वात ना? वात माका वळूक येता," हौसाबाई म्हणाली.

तिने कापूस पिंजला, दुधाचे बोट लावले आणि वात वळली. दूध लावले की पीळ सुटत नाही, असे तिला आईने शिकवले होते. बाबलीने ती सुईने वेटोळ्यातून ओवून घेतली आणि एक झुरका मारला. खोकून खोकून त्याचे डोळे पाणावले.

"गो बाय, वात वळलंस काय खीर करपवलंस?"

"दूद लावलंय जरासा."

"कित्याक?"

"पीळ सुटता म्हणान."

"ही काय समई आसा?"

दुसरी वात तिने दुधावाचून वळली, परंतु हाताच्या सवयीने ती घट्ट झाली. रस वर चढेना, आणि कोरडा कापूस पुन्हा करपला. तिसरी तिने इतकी सैल ठेवली की पिपाणी गुडगुड वाजू लागली आणि रस बाबलीच्या जिभेवर आला.

"बाय, तोंडात इलो मगो तो रस!"

"थूक आधी. मगे बडबड."

दिव्याच्या वातीचे टोक जळावे लागते, आणि ही वात तर कुठेच जळता कामा नये. ही गोष्ट तिच्या बुद्धीला लगेच पटली. बोटांना पटायला वेळ लागला. पुढे तिने कापूस पाण्यात उकळून त्यातला तेलकटपणा काढला, सावलीत वाळवला आणि पीळ न देता नुसता विंचरून सरळ केला. वात वेटोळ्यातून ओढताना किंचित अडावी, पण तारेने जागा सोडू नये, इतकीच जाड ती ठेवू लागली. टोके कापून मोकळी करायची, रसात पूर्ण भिजू द्यायची आणि मगच बॅटरी चालू करायची, असा नेम ठरला. मग पिपाणी नीट चालली.

मात्र वात पुन्हा पुन्हा काळी होत असे, आणि हौसाबाई पुन्हा पुन्हा बसत असे. पूर्वी बिडी ओढायला बाबली बाहेर खळ्यात जाई. आता तो अंथरुणातही वाफ ओढू लागला. कार्तिकात देवळातून वातींसाठी निरोप आला, तेव्हा चांगली बोंडे पिपाणीत संपलेली होती. तिने ते मनाला लावून घेतले नाही. भाऊ बिडीपासून सुटला, हे तिला पुरेसे होते. परंतु घरघर काही कमी होईना.

सावंतवाडीच्या पुढच्या खेपेला तिने त्याला एकटे सोडले नाही. एसटीच्या पायऱ्या चढतानाच त्याला आधार द्यावा लागला. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून विचारले, "अजून ओढता का?"

"बिडी सोडली त्याने," हौसाबाईने समाधानाने सांगितले. "ती विजेची ओढतो. तिची वात मी घरी करते."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणे थांबवले. "आजी, मी त्यांना दोन्ही सोडायला सांगितलं होतं. ही वाफसुद्धा यांच्या फुप्फुसांना सोसणार नाही."

बाबली सदऱ्याची बटणे लावू लागला.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "माका खोटा सांगलंस."

"बिडी सोडलंय, ता खोटा नाय."

ती फार दमली होती.

वात पुन्हा काळी झाली, तेव्हा बाबलीने पिपाणी तिच्यापुढे आणून ठेवली.

"मी वळूचंय नाय," ती म्हणाली.

"मगे मी बिडी घेवन येतंय."

"जा तर."

तो चपला घालून निघाला. हौसाबाई बसून राहिली. एक वात वळली असती तर तो परत फिरला असता. कापूस हाताशीच होता, आणि तिने तो दोनदा उचलून खाली ठेवला. मग ती उठून त्याच्या मागे गेली.

दुकान चढावावर आहे. बाबली अर्ध्या वाटेत ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. त्याचे तोंड उघडे होते. ती त्याच्याजवळ बसली. त्याचा श्वास जरा खाली बसेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली.

"माझ्यान वर जावचा नाय," तो म्हणाला. "तू बिडी हाडून देतलंस?"

"नाय."

"मगे वात तरी?"

"ती पण नाय, बाबल्या."

मग उठायला आधार म्हणून त्याने हात पुढे केला. तिची बोटे ठणकत होती, तरी तिने त्याला उठवले. उतारावरही त्यांना थांबत थांबत जावे लागले.

त्या रात्री ना बिडी, ना पिपाणी; जेवताना बाबलीने कालवणाला नावे ठेवली, भाताला नावे ठेवली, शेवटी पाणीही कोमट आहे म्हणाला. उद्याही असेच होणार, हे हौसाबाईला ठाऊक होते. तिने सारे ऐकून घेतले आणि त्याला आणखी भात वाढला.