आत्याचं पान

आमच्या कुंभिवलीच्या घरामागच्या विहिरीला मी पंचवीस वर्षं घाबरले, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या विहिरीत आमची आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, बसते असं घरात सांगायचे. तिन्हीसांजेला तिकडं फिरकायचं नाही, केस मोकळे सोडून तर अजिबातच नाही. लहानपणी मी तिथं बांगड्या वाजलेल्या ऐकल्यात, शपथेवर सांगते. दर सर्वपित्रीला बाबा विहिरीच्या काठावर तिचं पान ठेवायचे. त्यात कारल्याची भाजी हवीच, कारण म्हणे तिला ती आवडायची.

लग्नानंतर मी कर्जतला साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान टाकलं. एकदा साडी घेऊन आलेली एक बाई माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. कुंभिवलीची का गं तू, कुणाची, असं तिनं विचारलं. मी बाबांचं नाव सांगितलं, तशी ती मटकन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मी तुझी आत्या."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाई घामेजलेली, हातात भाजीची पिशवी. कसलं आलंय भूत! माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर, भिसेगावात, तिचा संसार होता. एका बौद्ध मुलाशी तिनं लग्न केलं, तेव्हा बाबा अंगणात ओरडले होते, "आमाला ती मेली." त्यातलं 'आमाला' तेवढं गळून पडलं, आणि आम्हा पोरांच्या वाट्याला नुसतं 'मेली' आलं. वर ती विहीर! इतकी चीड आली मला, की त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

तिला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, माहेरी भावाशेजारी बसून जेवायचं होतं. मी म्हटलं, चल, सर्वपित्रीलाच जाऊ.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा विहिरीवर पान मांडून काव काव करत होते. आई मागच्या दारात उभी होती. आत्या सरळ पुढं गेली आणि पानासमोर मांडी घालून बसली.

"कावळ्याला बोलवू नको, दादा. मी आलेय जेवायला."

बाबांनी तिला ओळखलं. मी त्यांचं तोंड बघत होते ना! चेहरा पडला, ओठ हलले, मला वाटलं आता बोलतील. मग ते आईकडं वळले.

"कावळा शिवला. चला आत."

आई गेली. आतून कडी लागली. मेल्या मनाचा माणूस, माझा बाप असला म्हणून काय झालं! मी तिथंच जमिनीवर फतकल मारली आणि आत्याच्या पानातून जेवायला लागले. ती सावकाश जेवत होती. कारलं तेवढं बोटानं बाजूला सारत म्हणाली, "हे मला कदी आवडलं नाय गं. दादाला आवडायचं."