वाघीण छान आली

माझ्या धाकट्या बहिणीचा, कुसुमचा, भिंतीवर लावायला फोटो नाही. आणि तिचा नवरा बुऱ्हाणपुरातला नावाजलेला फोटोग्राफर. आता यावर हसायचं की कपाळ बडवून घ्यायचं, तुम्हीच सांगा.

लीलाधररावांचा स्टुडिओ शनवाऱ्यात. बत्तीस वर्षं झाली. लग्नाची कामं काय सगळेच करतात, पण यांचं नाव झालं ते म्हाताऱ्यांच्या फोटोंनी. घरातलं माणूस थकलं की पोरं त्याला धुतलेला सदरा घालून यांच्याकडे आणतात. कशासाठी ते कोणी बोलत नाही, म्हाताऱ्यालाही ठाऊक असतं. कुसुम त्याला चहा पाजायची, त्याची टोपी सरळ करायची आणि लाइटची छत्री धरून बाजूला उभी राहायची. लीलाधरराव काहीतरी चेष्टा करायचे, म्हातारा हसला की बटण दाबायचे. लोधीपुऱ्यापासून बुधवाऱ्यापर्यंत कोणाच्याही घरी जा. हार घातलेला म्हातारा तुमच्याकडे बघून हसतोय ना, तो यांच्या हातचा.

कुसुम मात्र जन्मभर लाइटच्या मागे. लग्नातला एक फोटो आहे, त्यात एकोणीस वर्षांची पोर, ओळखूसुद्धा येत नाही. मुलगा ललित सुरतला असतो, त्याच्या मोबाइलमध्ये दोन-चार आहेत, तर त्यात नातवाचं डोकं पुढे आणि हिचा अर्धा कान. मोबाइलवर कोणी तिचा फोटो काढायला लागलं की हेच ओरडायचे, "अरे, मी मेलो का? मी काढीन की निवांत!" ते निवांत काही उजाडलं नाही. मी तोंडावर सुनवायची, "लीलाधरराव, दिव्याखाली अंधार आहे तुमच्या." ते नुसते हसायचे.

त्यांना निवांतपणा मिळायचा तो एकाच ठिकाणी, इंदूरच्या चिडियाघरात. वर्षातून दोन-तीनदा ती बाटलीएवढी लांब लेन्स घेऊन जायचे आणि दिवसभर पिंजऱ्यांपुढे उभे राहायचे. घरी आले की तेच पुराण. "आक्का, जाळीतून फोटो काढायची युक्ती सांगतो. लांब लेन्स लावायची, जाळीच्या जमेल तितकं जवळ जायचं आणि ॲपर्चर पूर्ण उघडायचं, टू पॉइंट एट. आकडा लहान तेवढं भोक मोठं. मग नेम जनावराच्या डोळ्यावर धरायचा. जे मध्ये येतं ते सगळं विरघळून जातं. जाळी होती हे पटणार नाही तुम्हाला!" मी म्हणायची, मला मेलीला काय करायचंय. कुसुम आतून ओरडायची, "आणि स्टुडिओत आकडा आठ, भोक बारीक! घरातल्या एकाचाही चेहरा पुसट आला तर फोटो तोंडावर फेकतात लोक." तिला सगळं येत होतं. फोटो डाग-बिग काढून साफ करायचं काम तीच करायची की.

एका वाघिणीनं त्यांना नऊ वर्षं पाठ दाखवली होती. गेलं की ही झोपलेली. तिनं एकदा डोळ्यात डोळा घालून बघावं, एवढाच त्या माणसाचा ध्यास.

मागच्या वर्षी कुसुमला कॅन्सर निघाला. महिन्याला इंदूरच्या फेऱ्या सुरू झाल्या, सोबतीला मी. माघात डॉक्टरनं ललितला फोनवर जे सांगायचं ते सांगितलं. आम्ही तिला काही बोललो नाही, पण ती काय कुक्कुलं बाळ होती? पुढच्या फेरीला तिनं तिची जांभळी साडी नेसली. बसमध्ये नवऱ्याला म्हणाली, "अहो, दवाखान्यातला नंबर तीन वाजताचा आहे. आधी चिडियाघरात जाऊ. आज माझा फोटो काढा. भिंतीवरचा."

लीलाधरराव खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "घरी गेल्यावर स्टुडिओत काढू की."

"स्टुडिओत नको. त्या स्टुलावर बसले की मला तेच आठवेल. तुमच्या त्या सवतीपुढे काढा, जिच्यापायी मला सुट्टीच्या दिवशी घरी बसवलंत. पण तुमच्या हातचाच पाहिजे हं."

बाई गं! आम्ही तिघंही हसलो होतो त्या वेळी.

चिडियाघरात ती कठड्याला टेकून उभी राहिली. उभं राहवत नव्हतं तिला, मी बाजूला तयारीत होते. तिनं पदर नीट घेतला, मान जराशी वर केली, म्हाताऱ्यांना शिकवायची तशी. लीलाधरराव पाच-सहा पावलं मागे गेले, लेन्स लावली. तेवढ्यात मागे जाळीपलीकडे वाघीण उठली. उठली, वळली आणि सरळ आमच्याकडे बघायला लागली.

"हलू नकोस! अगं, बघतेय ती, बघतेय!" हे एवढे ओरडले की लोक थांबले. खटखट खटखट फोटो काढले. ती परत आडवी होईपर्यंत काढले. मग कॅमेरा खाली केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, कुसुमसाठीच असणार.

कुसुम म्हणाली, "दाखवा." त्यांनी कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली. "छान आलाय," म्हणाली. एवढं चालून तिला धाप लागली होती, मग आम्ही रिक्षा करून दवाखान्यात गेलो.

परतीच्या बसमध्ये लीलाधरराव पुढे बसले होते. कुसुमनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हणाली, "आक्का, वाघीण फार छान आली गं. मी नाही आले." मला कळेना. तर म्हणे, "नेम तिच्यावर होता. ॲपर्चर उघडं. त्यांना सांगू नकोस. परत काढतो म्हणतील, आणि मला आता उभं राहणं होत नाही." नाही सांगणार, असा मी तिला शब्द दिला.

पाच आठवड्यांनी ती गेली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी लीलाधररावांनी कंप्युटरवर तो फोटो मोठा करून पाहिला. मी तिथेच होते. काय ती वाघीण! मिशीचा केस न् केस मोजून घ्या. जाळीचा मागमूस नाही. आणि पुढे एक जांभळा डाग, वर गव्हाळ डाग. जाळी विरघळली तशीच माझी बहीण विरघळली होती. अकराही फोटोंत तेच. ते कंप्युटरचा उंदीर सरकवत राहिले, फोटो मोठा-लहान, मोठा-लहान. शेवटी म्हणाले, "बरं झालं आक्का, तिला कळलं नाही."

मी गप्प बसायला हवं होतं हो. पण माझ्या जिभेला हाड नाही. इतका संताप आला मला त्या माणसाचा! "कळलं नाही? तिथल्या तिथे कळलं तिला! जन्मभर तुमचे फोटो साफ केले तिनं, तिला कळणार नाही? तुम्हाला सांगू नकोस म्हणाली मला!"

त्यांनी उंदरावरचा हात काढला. एवढंच विचारलं, "अजून काय म्हणाली?"

"म्हणाली, वाघीण छान आली."

दहाव्याला पाटावर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला. घाबरल्यासारखा चेहरा, डोळे अर्धे मिटलेले. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मी बहिणीचा शब्द मोडला होता, मान वर करायचं तोंड मला तरी कुठे होतं?

महिन्यानं ते माझ्या घरी आले. सोबत कॅमेरा, छत्रीचा लाइट, स्टूल. स्टुडिओ तेव्हापासून बंदच होता. म्हणाले, "आक्का, बसता का जरा? तुमचे डोळे आणि कपाळ तिच्यासारखं आहे." मी काय म्हणणार? कुसुमची एक साडी माझ्याकडे होती, ती नेसले आणि बसले. लाइट धरायला कोणी नव्हतं, तो त्यांनी खुर्चीला बांधला. ॲपर्चरचा आकडा तीन-तीनदा तपासला. "आठ आहे," मला दाखवून म्हणाले. चेष्टा काही केली नाही. मीच आपली जमेल तशी हसले.

फोटो लख्ख आला. कपाळावरची आठी न् आठी दिसत होती. लीलाधरराव कॅमेरा दोन्ही हातांत धरून, त्या पडद्याकडे बघत माझ्या ओट्यावर बसून राहिले. मी चहा केला, तो निवला.

"नाही आक्का," ते म्हणाले, "या तुम्हीच आहात."